अटकेपलीकडील तुराण देश

इ. स. १७५८ मध्यें रघुनाथराव पेशव्यांच्या फौजा लाहोर घेऊन सिंधुनदीवरील अटकेपर्यंत जाऊन भिडल्या, आणि तेव्हांपासून 'अटकेपार झेंडा लावणें' हा वाक्प्रचार मराठींत रूढ झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीनें अटक ही पराक्रमाची परिसीमा होय. परंतु ज्या अटकेला दक्षिणेकडील माणसें शेवटचा मुक्काम समजत, तिलाच उत्तरेकडील एका दूरच्या देशाचीं माणसें हिंदुस्थानचा उंबरठा मानीत. मराठी फौजा तेथें पोहोंचण्यापूर्वीं शेंदीडशें वर्षें तरी तीं माणसें तो उंबरठा ओलांडून दक्षिणेकडे येत होतीं. त्यांपैकीं कित्येकांनीं थेट गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत मजल मारली, येथेंच घरें बांधलीं, आणि येथेंच देह ठेवले. आजच्या छत्रपति संभाजीनगरांत खाम नदीच्या कांठीं उभी असलेली पाणचक्की हें त्यांच्या वस्तीचें सर्वांत ठळक स्मारक आहे. तो देश म्हणजे तुराण. बुखारा आणि समरकंद हीं त्याचीं दोन प्रसिद्ध नगरें.

तुराण कोठें आहे हें समजण्यासाठीं नकाशावर अटकेहून वायव्येस बोट सरकवावें. खैबरची खिंड, काबूल, त्यापलीकडे हिंदुकुशाच्या हिमाच्छादित रांगा, त्या उतरल्यावर बल्खचें मैदान आणि मग अमू दर्या ही मोठी नदी लागते. ही नदी ओलांडली कीं तुराणाचा मुख्य भाग सुरू होतो. अरबांनीं या मुलखाला 'मावरा-उन्-नहर', म्हणजे नदीपलीकडचा प्रदेश, असें नांव दिलें होतें. दक्षिणेस अमू, उत्तरेस सिर, आणि या दोहोंच्या दरम्यान जरफशान ही तिसरी नदी. जरफशान म्हणजे सोनें उधळणारी. पूर्वेकडील पर्वतांतल्या हिमनदींत ती उगम पावते, समरकंदाजवळून वाहत बुखाऱ्याच्या मैदानांत येते, आणि अमू दर्येला मिळण्याच्या आधींच वाळवंटांत लुप्त होते. समुद्र तर राहोच, थोरल्या नदीचें दर्शनही तिला घडत नाहीं, कारण तिचें पाणी वाटेंतील शेतें आणि बागाच पिऊन टाकतात. या एका गोष्टींत त्या देशाचें सारें अर्थशास्त्र सांठवलेलें आहे.

संभाजीनगर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें वीस अंशांवर आहे, तर बुखारा सुमारें चाळीस अंशांवर. अंतर वीस अंशांचें असलें तरी त्यामुळें सृष्टीचें रूप पार पालटतें. दक्षिणेंत उन्हाळ्यांतला मोठ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तर बुखाऱ्यास तो पंधरा तासांचा होतो. हिवाळ्यांत तेथील दिवस आखडून सव्वानऊ तासांवर येतो. समुद्र फार दूर असल्यामुळें थंडी आणि ऊन या दोहोंनाही आवर घालणारें कांहीं नाहीं. जुलै महिन्यांत उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जातें. जानेवारींत पाणी गोठतें, आणि एखाद्या वर्षीं पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंतही उतरतो. उन्हाळ्यांतले आणि हिवाळ्यांतले चाळीस-चाळीस दिवस सर्वांत कडक समजतात. त्यांना 'चिल्ला' असें नांव आहे. मराठी शेतकरी जसा नक्षत्रांवर पावसाचा हिशेब मांडतो, तसा तेथील माणूस चिल्ल्यावर आपल्या वर्षाचा हिशेब मांडीत आला आहे.

सर्वांत मोठा भेद पावसाचा. संभाजीनगरच्या बाजूस वर्षाकांठीं सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक मृगापासून हस्तापर्यंत. आणि तेवढ्यावरही मराठवाडा अवर्षणाचा प्रांत म्हणून ओळखला जातो. बुखाऱ्यास सारा पाऊस आणि बर्फ मिळून सव्वाशें-दीडशें मिलिमीटरांहून फारसा अधिक होत नाहीं, आणि तोही हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतांत. ज्या महिन्यांत दक्षिणेंत ओढे-नाले तुडुंब वाहतात, त्या महिन्यांत तेथील आभाळांत ढगाचा ठिपकाही दिसत नाहीं. अशा देशांत शेती व्हावी कशी? उत्तर पर्वतांवर आहे. हिवाळ्यांत सांठलेलें बर्फ उन्हाळ्यांत वितळतें आणि नेमक्या गरजेच्या वेळीं नद्या भरून वाहूं लागतात. दक्षिणेंत पाणी आभाळांतून पडतें, तुराणांत तें डोंगरांवरून उतरतें. म्हणून तेथील शेतकऱ्याचे डोळे ढगांकडे नसून पाटाकडे लागलेले असतात.

या पाटाला तेथें 'आरीक' म्हणतात. नदीपासून मोठा कालवा, कालव्यापासून पाट, पाटापासून दारें, अशी ती रचना आहे. पाण्याची वांटणी पाहणारा जो अधिकारी, त्याला 'मिराब' म्हणजे पाण्याचा मुख्य असें म्हणत. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी मिळावें हें तो ठरवी. दरसाल वसंताच्या आरंभीं गाळानें भरलेले पाट उपसण्यासाठीं साऱ्या गांवानें श्रमदान करावें असा परिपाठ होता. त्यास 'हशर' असें नांव होतें. येथें पाट फुटला तर एका शेताचें नुकसान होई. तेथें पाट बुजला तर गांवच उठून जाई. म्हणून पाण्याच्या बाबतींत शिस्त ही त्या लोकांच्या अंगीं धर्माचरणासारखी मुरली होती.

नगरांत पाण्यासाठीं हौद असत. बुखाऱ्यांत असे हौद डझनांनीं होते, इ. स. १६२० च्या सुमारास बांधलेला 'लब-इ-हौज' हा त्यांतील सर्वांत नामांकित, आणि तो आजही आहे. तुतीच्या झाडांची सावली, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि कांठावर बसलेलीं माणसें असा तेथील थाट. मात्र या हौदांना दुसरीही बाजू होती. सांचलेल्या पाण्यांतून नारूचा रोग पसरे, आणि बुखारा त्यासाठीं कुप्रसिद्ध होता. जुन्या महाराष्ट्रांतील पायविहिरींनीं हाच रोग अनेक गांवांना दिला होता, हें येथें आठवावें. विसाव्या शतकांत बहुतेक हौद बुजवले गेले तेव्हां कोठें तो रोग तेथून हटला.

लोकांविषयीं बोलावयाचें तर दोन प्रवाह ध्यानांत ठेवावे लागतात. नगरांत आणि बागाईत गांवांत राहणारे, फारसी बोलणारे ताजिक हे एक. आणि घोड्यांवर वाढलेले, तुर्की बोली बोलणारे उझबेक हे दुसरे. व्यापार, विद्या आणि कारागिरी पहिल्यांच्या हातीं, राज्य आणि तलवार दुसऱ्यांच्या हातीं, अशी ढोबळ विभागणी होती. व्यवहारांत मात्र दोघेही एकमेकांच्या भाषा बोलत. घरें मातीचीं, जाड भिंतींचीं आणि आंत चौक असलेलीं. हिवाळ्यांत घरच्या मंडळींनीं 'संदली'भोंवतीं बसावें: जमिनींतल्या खळग्यांत निखारे, त्यावर ठेंगणी चौरंगी, तिच्यावर मोठी रजई, आणि रजईखालीं सर्वांचे पाय. बाहेर बर्फ पडत असतां वाळवलेल्या जर्दाळूंवर, मनुकांवर आणि शिंक्यांत टांगून ठेवलेल्या खरबुजांवर हिवाळा काढावयाचा. तेथील खरबुजांचें वेड एवढें कीं, बाबर बादशहा हिंदुस्थान जिंकून बसला तरी काबुलाहून आलेलें खरबूज कापतांना त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याचें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. साम्राज्य मिळवणाऱ्यालाही सोडून आलेल्या देशाची चव विसरतां आली नाहीं.

मग असा देश सोडून माणसें दक्षिणेस कां येत? कारण सरळ आहे. तुराण सुंदर होता, पण श्रीमंत नव्हता. इ. स. १५०० नंतर उझबेकांनीं तैमूरवंशीयांना हुसकावून लावलें, आणि पुढें भाऊबंदकीच्या लढाया पिढ्यान् पिढ्या चालल्या. उलट तैमूरच्याच वंशांतील मोगल दिल्ली-आग्र्याच्या तख्तावर बसले होते, आणि तुराणी शिपायाला मनसब देण्यास ते तत्पर असत. तुराणाचा घोडाही या वाटेनें येई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत राहिलेला फ्रेंच वैद्य बर्नियर यानें, उझबेकांच्या मुलखांतून दरसाल पंचवीस हजारांवर घोडे येत असल्याचें लिहिलें आहे. घोड्यांच्या मागोमाग स्वार आले, आणि स्वारांच्या मागोमाग फकीर.

दोन्ही देशांच्या संपत्तींतील अंतर किती होतें याचा दाखला एका मोहिमेंतच मिळतो. शहाजहानाला पूर्वजांचा मुलूख परत जिंकण्याची हौस होती. इ. स. १६४६ मध्यें त्याच्या फौजांनीं बुखाऱ्याच्या खानाकडून बल्ख घेतलें; पण शाहजादा मुराद त्या थंडीला आणि त्या रुक्ष देशाला कंटाळून परवानगीवांचूनच परत फिरला. दुसऱ्या वर्षीं औरंगजेबाला पाठवण्यांत आलें. ऐन लढाईंत तो घोड्यावरून उतरून नमाज पढला आणि तें पाहून शत्रूनेंही हात आवरला, अशी कथा त्या मोहिमेची सांगतात. परंतु शौर्यानें हवामान जिंकतां येत नाहीं. ऑक्टोबर १६४७ मध्यें फौज हिंदुकुश ओलांडून परतूं लागली आणि बर्फानें तिला गांठलें. इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्या हिशेबाप्रमाणें लढाईंत सुमारें पांचशें शिपाई पडले, तर त्याच्या दसपट माणसें थंडीनें आणि बर्फानें दगावलीं. खर्च चार कोटि रुपये झाला, आणि जिंकलेल्या मुलखांतून वसूल आला साडेबावीस लाख.

या माघारीनंतर पांच वर्षांनीं तोच शाहजादा दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला, आणि मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें वसवलेल्या खडकी या नगरास १६५३ सालीं त्यानें आपलें नांव दिलें. उत्तरेकडे वाट बंद झालेलें मोगली बळ आतां दक्षिणेकडे वळलें, आणि त्याबरोबर तुराणी माणसेंही वळलीं. शहाजहानाच्या अखेरच्या काळांत समरकंदाकडील ख्वाजा आबिद हा विद्वान गृहस्थ हिंदुस्थानांत आला आणि औरंगजेबाच्या पदरीं राहिला, इ. स. १६८७ मध्यें गोवळकोंड्याच्या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें जखमी होऊन तो मरण पावला. त्याचा मुलगा गाजीउद्दीन फिरोजजंग हा औरंगजेबाच्या दक्षिणेंतील प्रमुख सेनापतींपैकीं एक. आणि नातू, हिंदुस्थानांतच जन्मलेला कमरुद्दीन, म्हणजेच मराठी इतिहासांतील निजाम-उल्-मुल्क.

या घराण्याच्या भोंवतीं तुराणी स्वारांचा मेळावा जमे. त्यांच्या धाडसाबद्दल कोणाला शंका नव्हती. परंतु येथील भूमीची नाडी मराठ्यांना अधिक ठाऊक होती. फेब्रुवारी १७२८ मध्यें बाजीराव पेशव्यानें निजामाला वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरांत असें कोंडलें कीं, त्याच्या फौजेला दाणावैरण मिळेना आणि पिण्यास पाणी मिळेना. मोठी लढाई न होतांच निजामाला मुंगी-शेवगांवचा तह करावा लागला. ज्यांच्या पूर्वजांनीं थेंबन् थेंब मोजून वापरण्याची विद्या जोपासली होती, त्यांच्या नायकाला या परक्या भूमींत पाण्यावांचून शरण यावें लागलें. देशाचें ज्ञान हें वंशपरंपरेनें मिळत नाहीं. तें त्या मातींत राहूनच मिळवावें लागतें, हाच त्याचा बोध.

तुराणी माणसांतील ज्यांनीं हें ज्ञान मिळवलें, ते बहुधा तलवारबहाद्दर नव्हते. बुखाऱ्याजवळ गिजदुवान नांवाचें एक गांव आहे. नक्षबंदी पंथाच्या पूर्वाचार्यांपैकीं अब्दुल खालिक यांचें तें गांव, आणि खगोलज्ञ राजा उलुग बेग यानें पंधराव्या शतकांत तेथें मदरसा बांधला. याच गांवचे दोन फकीर दक्षिणेंत आले. पहिले बाबा पलंगपोश, म्हणजे बिबट्याचें कातडें पांघरणारे. ते गाजीउद्दीनाच्या लष्कराबरोबर फिरत. दुसरे बाबा शाह मुसाफिर. यांनीं खाम नदीच्या कांठीं तकिया वसवला. पलंगपोश १६९९ च्या सुमारास वारले, मुसाफिर १७१५ च्या सुमारास. दोघांच्याही समाध्या तेथेंच आहेत. मुसाफिरांचे शिष्य शाह महमूद यांनीं या दोघांच्या आठवणी फारसींत लिहून ठेवल्या. त्या ग्रंथाचें मोल हें कीं, त्यांत दरबारी बखरींप्रमाणें केवळ सरदारांची वर्णी नाहीं. नोकरीच्या शोधांत नुकतेच उतरलेले शिपाई, रिकाम्या हातांचे फिरस्ते, मायदेशाची भाषा ऐकावयास मिळावी म्हणून आलेले परदेशी असे साधे लोक त्यांत भेटतात. नव्या मुलखांत ओळखदेख नसलेल्या माणसाला पहिल्या रात्रीं भाकरी आणि निवारा देणारें घर, हें त्या तकियाचें खरें स्वरूप होतें. नक्षबंदी पंथांत 'सफर दर वतन', म्हणजे स्वदेशांतील प्रवास, असें एक तत्त्व आहे. माणसानें बाहेर न भटकतां आपल्याच अंतरांत प्रवास करावा असा त्याचा आशय. हजारों मैल तुडवून आलेल्या आणि 'मुसाफिर' हेंच नांव धारण केलेल्या पुरुषाच्या पायाशीं बसून तें तत्त्व ऐकणाऱ्या देशत्यागी लोकांना त्यांत निराळाच अर्थ सांपडला असेल.

या माणसांना जेवूं घालावयाचें तर रोज पीठ हवें. त्यांतूनच अठराव्या शतकांत येथील पाणचक्की उभी राहिली. उत्तरेकडील डोंगरांतल्या झऱ्याचें पाणी जमिनीखालून खापरी नळांनीं कित्येक मैल आणलेलें आहे. तें उंच भिंतींत चढवून वरून धारेनें सोडतात. खालीं येणाऱ्या पाण्याच्या जोरानें पात्यांचें चाक फिरतें, आणि त्याच्या आंसाबरोबर वरची तळी फिरून धान्य दळलें जातें. काम करून निघालेलें पाणी वायां जात नाहीं. तें समोरच्या मोठ्या हौदांत पडतें. या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचें छत आहे, त्यामुळें ऐन उन्हाळ्यांतही तें दालन गार राहतें. एकाच पाण्याकडून दळण, स्नान, शोभा आणि गारवा अशीं चार कामें करून घेणें ही बुद्धि पाण्याला जपणाऱ्या लोकांचीच.

तथापि याचें सारें श्रेय तुराणाला देणें हा अन्याय होईल. जमिनीखालून पाणी आणण्याची नहरींची रचना या नगरांत शंभर वर्षें आधीं मलिक अंबरानें केली होती, आणि मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. झरे दख्खनच्या डोंगरांचे, खोदणारे हात येथल्याच कामकऱ्यांचे, नहरींचा पाया आफ्रिकेंत जन्मलेल्या वजिराचा, आणि चक्कीभोंवतींचा तकिया बुखाऱ्याकडील फकिराचा. असे चार प्रवाह मिळून ती एक धार झाली आहे.

इ. स. १७६३ मध्यें निजामअलीनें राजधानी हैदराबादेस नेली आणि या नगराचें वैभव ओसरलें. उत्तरेची वाटही अफगाणांच्या आणि पुढें शिखांच्या राज्यांमुळें दुरावली. आलेल्यांचीं मुलें-नातवंडें दक्षिणी बोली बोलूं लागलीं. मूळ देशाची खूण म्हणून तोफ, चाकू, बेगम असे तुर्की शब्द तेवढे मराठीच्या अंगांत मुरून राहिले. इकडे बुखारा १८६८ मध्यें रशियाच्या वर्चस्वाखालीं गेला, १९२० मध्यें तेथील अमीर पदच्युत झाला, १९२४ मध्यें सोविएत संघांतील उझबेकिस्तान निर्माण झाला, आणि १९९१ मध्यें तो स्वतंत्र देश बनला. ज्या ताश्कंदांत जानेवारी १९६६ मध्यें लालबहादूर शास्त्री यांचें देहावसान झालें, तें याच देशाची राजधानी.

पाण्याच्या शिस्तीवर जगलेल्या त्या भूमीनें विसाव्या शतकांत मोठी किंमत मोजली. इ. स. १९६० नंतर कापसासाठीं अमू आणि सिर या नद्यांचें पाणी अफाट प्रमाणांत उपसलें गेलें. मिराबाचें जुनें माप नाहींसें झालें, आणि या नद्या ज्यांत पडत तो अरल समुद्र, एके काळीं सुमारें अडुसष्ट हजार चौरस किलोमीटरांचा, आटून त्याचा जेमतेम दशांश उरला. पूर्वीं जेथें मासेमारीच्या नावा चालत तेथें खारट धूळ उडते. संभाजीनगरच्या नहरींची कथा लहान असली तरी त्याच जातीची आहे. नगर वाढलें, नहरींच्या वाटेवर घरें उठलीं, कित्येक नहरी बुजल्या, आणि जें पाणी चक्की फिरवी तें दिवसेंदिवस क्षीण होत गेलें.

बर्फाच्या देशांतून आलेल्या माणसांच्या मनसबी गेल्या, जहागिरी गेल्या, भाषाही गेली. खाम नदीच्या कांठचा हौद मात्र राहिला आहे, आणि डोंगरांतला झराही आहे. दोहोंमधील वाट उपसून मोकळी ठेवणें, एवढेंच आतां येथें राहणाऱ्यांचें काम उरलें आहे. तुराणांतील गांवें तें काम दर वसंतांत सर्वांनीं मिळून करीत असत.